सगळ्यांचे पाय मीच धुवायचे का?

पत्राचा सारांश (ओळख गुप्त ठेवून): कोल्हापुरातल्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये वीसेक वर्षं नर्सिंग केलेल्या एका ताईंचं पत्र आहे. गेल्या वर्षी त्या मेडिकल वॉर्डच्या इनचार्ज झाल्या. घर ख्रिस्ती, आजी आणि आईसुद्धा नर्स. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, तेव्हा मोठं होणं म्हणजे सगळ्यांत खालचं काम आपण करणं, हे मनात पक्कं बसलेलं. त्यामुळे मावशी आली नाही की बेडपॅन त्या उचलतात, कुणी सुट्टी मागितली की त्याची नाईट स्वतः करतात, कुणाला कधी चढ्या आवाजात बोलत नाहीत. आता ज्युनिअर सिस्टर सर्रास उशिरा येऊ लागल्यात. गेल्या महिन्यात रात्रीचं एक अँटिबायोटिक इंजेक्शन दिलंच गेलं नाही, चार्टवर मात्र दिल्याची सही होती. पेशंटला सुदैवाने काही झालं नाही. मेट्रननी विचारल्यावर ताईंनी ‘हँडओव्हरमध्ये माझ्याकडूनच राहिलं’ असं सांगून त्या मुलीला वाचवलं, कारण तिच्या पगारावर घर चालतं. मिस्टर म्हणतात, ‘तू इनचार्ज नाहीस, वॉर्डातली जादाची मावशी आहेस.’ चर्चमध्येही रविवारच्या भक्तीनंतरचा चहा, कप विसळणं, खुर्च्या लावणं यांच्याचकडे. चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीच्या निवडणुकीला उभं राहा म्हणून मैत्रिणी मागे लागल्यात, पण ‘मला पुढे पुढे करायचं नाही’ म्हणून ताईंचा नकार आहे. त्यांचा प्रश्न असा: नम्र राहून अधिकार चालवताच येत नाही का? इनचार्जपद सोडून परत साधी स्टाफ नर्स होऊ का?

ताई, सलाम.

तुमच्या पत्रात मावशी आहे, ज्युनिअर आहे, मेट्रन आहेत, मिस्टर आहेत, चर्चमधल्या मैत्रिणी आहेत. ज्याचं इंजेक्शन राहिलं तो पेशंट मात्र एका वाक्यात येतो आणि जातो. मी आधी त्याच्याबद्दल बोलणार आहे, कारण तुमच्या प्रश्नाची गाठ मला तिथे दिसते.

मेट्रनच्या केबिनमध्ये तुम्ही त्या मुलीवरचं ओझं स्वतःच्या अंगावर घेतलंत. मनात दया होती, यात मला शंका नाही. पण वॉर्ड ज्याच्यासाठी आहे तो माणूस त्या क्षणी हिशेबातच नव्हता. ज्युनिअरचे भरून आलेले डोळे तुमच्यासमोर होते. आपला कुठला डोस चुकला हे ज्याला माहीतही नाही, तो वॉर्डात पडून होता. वर्षभर तुम्ही सहकाऱ्यांची झोप सांभाळलीत, सुट्ट्या सांभाळल्यात, आता नोकरीही सांभाळलीत. या सगळ्याला आपण सेवा म्हणू, पण ती कुणाच्या वाट्याची होती आणि कुणाला मिळाली, हे विचारायला हवं की नको?

पाय धुण्याचा तो प्रसंग बायबलमध्ये योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात आहे. तुम्ही त्याचा आधार घेतलाय, तर तो जरा सावकाश वाचू. तिसऱ्या वचनात लिहिलंय की पित्याने सर्व काही आपल्या हाती दिलं आहे हे येशूला ठाऊक होतं. हे ठाऊक असताना तो भोजनावरून उठला, कमरेला रुमाल बांधला, गंगाळात पाणी ओतलं. (उपदेशांत हे तिसरं वचन बहुधा गाळलं जातं, सगळे थेट रुमालावर येतात.) पाय धुणाऱ्याला आपण कोण आहोत याचा विसर पडला नव्हता. पाय धुऊन झाल्यावर, बाराव्या वचनात, त्याने वस्त्रं घातली आणि तो पुन्हा आपल्या जागी बसला. तिथे बसून म्हणाला, तुम्ही मला गुरू आणि प्रभू म्हणता ते ठीकच म्हणता. गुरूची जागा त्याने रिकामी केली नाही. आणि मग सांगितलं की तुम्हीही एकमेकांचे पाय धुवा. एकमेकांचे, ताई. ‘उद्यापासून बाराही जणांचे पाय मीच धुणार, तुम्ही निवांत बसा,’ असं तो म्हणाला नाही. तुमच्या वॉर्डात मात्र वर्षभर तेच चाललंय. दुसऱ्या कुणाला ते गंगाळ हातात धरायची वेळच आली नाही.

आणखी एक. त्याच जेवणाच्या वेळी त्याने पेत्र या शिष्याला सुनावलं, आणि तुमच्यापैकी एक जण मला धरून देईल हेही सर्वांसमोर सांगितलं. पाय धुणं आणि कडू खरं बोलणं, दोन्ही एकाच माणसाने एकाच रात्री केलं. आपण त्यातलं पहिलं घेतो आणि दुसरं भांडखोरपणात जमा करतो.

आता जरा अवघड विचारतो, रागवू नका. कुणी सुट्टी मागितली आणि तुम्ही लगेच ‘जा, मी करते नाईट’ म्हणालात, त्यात प्रेम किती आणि ‘नाही’ म्हटल्यावर तिचं तोंड वाकडं होईल याची भीती किती? मी बाहेरून याचं माप काढू शकत नाही, तुम्ही प्रार्थनेत बसून काढू शकाल. याकोब आणि योहान हे दोघे शिष्य येशूकडे त्याच्या उजवी-डावीकडची जागा मागायला गेले तेव्हा बाकीचे दहा जण चिडले, असं मार्काच्या दहाव्या अध्यायात आहे. त्या दहा जणांना राग आला तो काही नम्रतेपोटी नसावा. मोठेपणाची हाव फक्त पहिल्या रांगेतल्या खुर्चीत बसत नाही. ‘माझ्याशिवाय वॉर्डाचं पानही हलत नाही’ या वाक्यातही ती सुखाने राहते, आणि तिथे ती कुणी ओळखत नाही.

पण सगळा दोष तुमच्या मनावर टाकला तर तो अन्याय होईल. नम्रतेचा उपदेश आपल्याकडे कुणाला केला जातो, ते बघा. येशूने ‘जो मोठा होऊ पाहतो त्याने सेवक व्हावं’ हे जागेसाठी धक्काबुक्की करणाऱ्या पुरुषांना सांगितलं. आपण ते वाक्य उचललं आणि आधीच कप विसळत असलेल्या बायकांना ऐकवलं. लूकच्या तेराव्या अध्यायात सभास्थानातली एक बाई आहे, अठरा वर्षं कमरेत वाकलेली, अजिबात सरळ न होता येणारी. तिला त्याने अजून वाकायला सांगितलं नाही. जवळ बोलावलं, हात ठेवले, आणि ती सरळ उभी राहिली. सभास्थानाचा अधिकारी संतापला तो त्यावर. तुमच्या चर्चमध्ये नम्रतेवर उपदेश झाला की तो ऐकून कोण खुर्च्या उचलायला उठतं आणि कोण बसून राहतं, एवढं एका रविवारी नुसतं पाहा.

तुमच्या मूळ प्रश्नात एक गोष्ट तुम्ही धरूनच चालला आहात: अधिकार जितका कमी वापरू तितकी नम्रता जास्त. मला ते पटत नाही, आणि आपण कोल्हापूरकर असल्यामुळे तर मुळीच पटू नये. राजर्षी शाहू महाराज गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात जाऊन चहा प्यायचे, ही गोष्ट आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत असते. अस्पृश्य ठरवलेल्या माणसाच्या हातचा चहा छत्रपतींनी चारचौघांत घेणं ही केवढी नम्रता! पण त्याच महाराजांनी 26 जुलै 1902 रोजी मागासवर्गीयांसाठी 50 टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला. लोकांना राग येईल म्हणून सही टाळली असती, तर नुसत्या चहाने किती जणांना नोकऱ्या मिळाल्या असत्या? अधिकार होता म्हणून तर तो दुबळ्यांच्या कामी आला.

तुमच्याच पेशातलं सांगतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेल हातात दिवा घेतलेली दयाळू बाई म्हणून आपल्याला भिंतीवर टांगलेली माहीत आहे. प्रत्यक्षात ती कडक प्रशासक होती, सैन्यातल्या मृत्यूंची आकडेवारी मांडून तिने सरकारला जाब विचारला. तिने लिहून ठेवलंय की इनचार्ज असणं म्हणजे योग्य ते सगळं स्वतः करणं एवढंच नव्हे, बाकीचे सगळे ते करतात की नाही हे पाहणंही आहे. तुम्ही तिथे असताना जे होतं ते तुम्ही नसतानाही व्हायला हवं, हा तिचा आग्रह होता. तुमच्या वॉर्डात तुम्ही झोपलेल्या रात्री काय झालं ते आपल्यासमोर आहे.

इथून जवळ मिरजेला डॉ. वॉनलेस यांनी 1894 मध्ये मिशनचं हॉस्पिटल सुरू केलं. तुमच्या-माझ्यासारख्या किती घरांतल्या आज्या-आत्या मिरजेची नावं घेत मोठ्या झाल्या. वॉनलेस सर्जन म्हणून नावाजलेले होते, सगळी ऑपरेशनं मीच करतो म्हणाले असते तरी लोकांनी हात जोडले असते. त्यांनी इथल्या मुलांना शिकवायला घेतलं. मोशेची गोष्ट तर तुम्ही संडे स्कूलपासून ऐकलेली आहे: सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करत बसलेला मोशे, आणि त्याला भेटायला आलेला सासरा इथ्रो. ‘तू करतोस हे ठीक नाही. तूही झिजशील आणि हे लोकही,’ असं तो म्हणाला. सासऱ्याने जावयाला इतकं रोखठोक सांगितलं आणि जावयाने ते ऐकलं, हाही एक चमत्कारच म्हणायचा.

‘सेवक-नेतृत्व’ हा शब्द हल्ली कंपन्यांच्या ट्रेनिंगमध्ये फार ऐकू येतो. तो रूढ केला अमेरिकेतल्या टेलिफोन कंपनीत आयुष्य काढलेल्या रॉबर्ट ग्रीनलीफ यांनी, 1970 च्या एका निबंधातून. ते क्वेकर पंथाचे. त्यांनी दिलेली कसोटी मला उपयोगाची वाटते: ज्यांची सेवा केली ती माणसं वाढली का? शहाणी, मोकळी, स्वतःच्या पायावर उभी झाली का? त्यांनाही सेवा करावीशी वाटू लागली का? आणि सगळ्यांत कमी ताकदीच्या माणसावर त्याचा काय परिणाम झाला? ही कसोटी तुमच्या गेल्या वर्षाला लावा. ज्युनिअर वाढल्या नाहीत, त्या खोटी सही करायला शिकल्या. सगळ्यांत कमी ताकदीचा जो होता, त्याचा डोस गेला.

मग आता करायचं काय?

पहिलं आणि सगळ्यांत जड काम: मेट्रनना सांगितलेलं ते वाक्य दुरुस्त करायचं. दुसऱ्याचा दोष अंगावर घेणं ख्रिस्ताचं अनुकरण वाटतं खरं, पण त्याने कुणाचं पाप लपवलं नव्हतं. तुम्ही बोललात ते खोटं होतं, आणि त्यामुळे न दिलेल्या इंजेक्शनवरची सही चार्टवर तशीच राहिली. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला क्रम इथे पाळा, आधी एकांतात. त्या मुलीला ड्युटी संपल्यावर बाजूला घ्या आणि सरळ बोला: ‘न दिलेल्या डोसवर सही झाली. मी मेट्रनना खोटं सांगितलं, ते मी मागे घेणार आहे. उद्या दुपारपर्यंत तू स्वतः जाऊन सांग, मी तुझ्याबरोबर येते. नाही गेलीस तर मी एकटी जाईन.’ ती रडेल. रडू द्या, पाण्याचा ग्लास द्या, पण तारीख पुढे ढकलू नका.

आणि तिला एक प्रश्न नक्की विचारा: त्या रात्री तुझ्याकडे किती पेशंट होते? कामचुकारपणाने डोस राहिला की एकटीच्या अंगावर अख्खा वॉर्ड होता म्हणून, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. एकटी असेल तर मेट्रनसमोर तिच्या बाजूने उभं राहायला तुमच्याकडे खरं कारण आहे, खोटं बोलायची गरजच नव्हती. खोट्या सहीबद्दल मात्र समज मिळायलाच हवी. तिची नोकरी जाऊ नये म्हणून तुम्ही शब्द टाका. काही आठवडे तिच्या औषधांच्या राउंडला बरोबर राहते म्हणा: पेशंट तोच, औषध तेच, मात्रा, मार्ग, वेळ तीच, आणि सही दिल्यानंतर. शिकवणं हे तुमचं काम आहे, आणि ते बेडपॅन उचलण्यापेक्षा जास्त दमवणारं आहे.

यातूनच मावशीचा मुद्दा निघतो. मावशी नसली की तुम्ही वाकता, काम होऊन जातं, आणि वॉर्डात मावशी कमी आहे हे मॅनेजमेंटला कळतच नाही. तुमच्या नम्रतेवर हॉस्पिटलचा एक पगार वाचतोय! (मिस्टर ‘जादाची मावशी’ म्हणतात ते बोचरं आहे, पण हिशेबाने अगदीच चूक नाही.) खालचं काम करायला मान खाली घालावी लागते, ती तुम्हाला सहज घालता येते. वर जाऊन ‘माणूस द्या, नाहीतर रात्री पेशंटचे हाल होतात’ असं लेखी मागायला मान वर करावी लागते. तुमच्या हाताखालच्या मुलींसाठी ही दुसरी सेवा तुमच्याशिवाय कुणीच करू शकत नाही, कारण त्या केबिनचं दार तुमच्यासाठी उघडतं, त्यांच्यासाठी उघडत नाही. कुठल्या तारखेला कोण नव्हतं आणि कुठलं काम राहिलं, याची वही ठेवा. महिन्याने ती घेऊन जा.

बेडपॅन तुम्ही कधीच उचलू नये असं मी म्हणत नाही. पेशंट अडला असेल तर इनचार्जच काय, डॉक्टरनेही उचलावा. फक्त ज्युनिअरला बाजूला बसवून नको, तिला बरोबर घेऊन. नाईटचंही तसंच. ड्युटी लिस्टमध्ये तुमच्या वाट्याच्या नाईट असतील त्या बिनतक्रार करा, पण बदली हवी असेल तर जिला हवी तिने बदलीची सिस्टर शोधून तुमच्याकडे यायचं, असा नियम लिहून फळ्यावर लावा. उशिराचं रजिस्टर ठेवा आणि त्यात तुमचीही वेळ टाका. पहिल्या आठवड्यात कुजबुज होईल, ‘सिस्टर बदलल्या’ म्हणतील. एक सांभाळा: वर्षभर गिळलेला राग या निमित्ताने बाहेर काढू नका. ताबेदार होऊन नव्हे, कळपाला कित्ता होऊन राखा, असं पेत्राच्या पहिल्या पत्रात आहे. ही दुसऱ्या टोकाची खाच आहे, आणि फार सोसलेली माणसंच तिच्यात जास्त पडतात.

इनचार्जपद सोडण्याबद्दल. स्टाफ नर्स होणं कमीपणाचं नाही. तुमचा जीव पेशंटच्या उशाशी रमत असेल, कागद आणि माणसं सांभाळणं तुमचा पिंड नसेल, तर सहा महिन्यांनी खुशाल सोडा. आत्ता सोडलंत तर ते त्या एका अवघड बोलण्यापासून पळणं होईल, आणि पुढची इनचार्ज कदाचित ओरडणारी असेल. तुमच्या ज्युनिअरना मग इनचार्ज दोनच प्रकारच्या ठाऊक होतील.

हे वाचणारे सगळे काही नर्स नसणार. शिरोलीच्या फौंड्रीत साहेब झालेला जुना कामगार, पोरांचं रिजेक्शन स्वतः रात्री बसून निस्तरणारा. बचत गटाची अध्यक्ष, थकलेला हप्ता गुपचूप स्वतःच्या पैशांनी भरणारी. सगळ्यांचे पेपर एकटीने तपासणाऱ्या मुख्याध्यापिका. तुम्हीही हाच प्रश्न विचारा: माझ्या या झाकण्याची किंमत शेवटी कोण देतंय? आणि जे व्यासपीठावरून ‘मी तर तुमचा सेवक’ म्हणतात पण साधा हिशेब विचारला की ज्यांचा आवाज चढतो, त्यांच्यासाठी हे पत्र नाही. त्यांनी मार्काचा दहावा अध्याय वाचावा.

राहिली पंच कमिटी. उभ्या राहा किंवा राहू नका असं मी सांगणार नाही. फिरत्या ड्युट्या आहेत, घर आहे, वेळ नाही हे नकाराचं चोख कारण आहे, आणि ते तसंच सांगावं. ‘मला पुढे पुढे करायचं नाही’ हे मात्र कारणांतून वगळा. लोक काय म्हणतील याचा विचार म्हणजे शेवटी स्वतःचाच विचार. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात विधवांच्या रोजच्या वाटणीत दुर्लक्ष होतं अशी कुरकुर झाली, तेव्हा मंडळीने सात माणसं निवडली. ती निवड पंगतीच्या कामासाठी होती, आणि तरीही माणसं नावाजलेली आणि शहाणी पाहून घेतली. काम खालचं आहे म्हणून कुणीही चालेल, असं कुणाला वाटलं नाही.

तुमच्या पत्रात तुमच्यासाठी कोण काय करतं याचा एक शब्द नाही, हेही माझ्या लक्षात राहिलं. ‘माझे पाय कधीही धुवायचे नाहीत’ असं म्हणणारा पेत्र स्वतःला नम्रच समजत असणार. तेव्हा रविवारचा चहा सोडा. सांगून सोडा, आजारपणाचं निमित्त नको. दोन-तीन रविवार चहा उशिरा होईल, साखर कमी पडेल, कुणीतरी कप न विसळता जाईल. स्वयंपाकघरात डोकवायचं नाही. अर्ज भरायचं ठरलंच, तर सूचक आणि अनुमोदक म्हणून आग्रह करणाऱ्या त्याच मैत्रिणींच्या सह्या घ्या, आणि सही करतानाच त्यांच्या हातात चहाच्या पाळीची यादी द्या. त्यात पुरुषांचीही नावं घालायला सांगा.